गूगल ड्राइव्हचं मोबाईल ॲप : कपाट म्हणून जेमतेम, हुडकून द्यायला एक नंबर

मागे दहाबारा माणसांची रांग, काचेपलीकडच्या बाई विचारतायत "विम्याच्या पॉलिसीची कॉपी आहे का?" आणि मी एकदम ऐटीत, हो आहे ना, फोनमध्येच आहे. मग ड्राइव्ह उघडलं. माय ड्राइव्ह, त्यात घर, त्यात कागदपत्रं, त्यात विमा, त्यात जुने, आणि जुनेच्या आत एक फोल्डर त्याचं नाव काय तर "नवीन". नवीनमध्ये गेले तर आत "नवीन १". तो रिकामा. परत मागे, परत दुसऱ्या फोल्डरात, तेवढ्यात बोट चुकलं आणि ॲपच बंद झालं. बाई म्हणाल्या, "ताई, तुम्ही जरा बाजूला होता का, तोवर पुढच्यांचं घेते." बाजूला उभं राहून वैतागून वरच्या सर्चच्या पट्टीत नुसतं पॉलिसी टाकलं तर दोन सेकंदात फाईल समोर. होती कुठे? "ट्रिप" नावाच्या फोल्डरात. का, ते विचारू नका.

तर हा रिव्ह्यू त्या दिवसापासून डोक्यात होता. ॲप आठ-नऊ वर्षं वापरतेय पण खरं सांगायचं तर वापरत नव्हते, नुसतं कोंबत होते. गेले काही महिने नीट बसून सगळं लावलं, मोबाईलवरच लावलं, लॅपटॉपला हात न लावता, कारण लागतं तेव्हा हातात मोबाईलच असतो ना. त्यातून काय कळलं ते लिहिते.

पहिली गोष्ट म्हणजे फोल्डरच्या आत फोल्डर हा प्रकार फोनवर कामाचा नाही. लॅपटॉपवर डाव्या बाजूला अख्खं झाड दिसतं, कुठली फांदी कुठे गेलीये ते एका नजरेत कळतं. फोनवर एका वेळी एकच फोल्डर दिसतो, त्यातल्या आठ-दहा ओळी, आणि शेजारच्या फोल्डरात काय आहे हे बघायला आधी मागे यावं लागतं. प्रत्येक पायरीला एक टॅप, नेट हळू असेल तर गोल गोल चक्र. माझ्याकडे सहा सहा पायऱ्या होत्या, हौस दुसरं काय. आता दोनच्या खाली जात नाही. वरचे फोल्डर सात, आणि त्यांना रंग दिलेत, फोल्डरच्या तीन टिंबांवर दाबलं की रंग बदलायचा पर्याय मिळतो. ऐकायला बालिश वाटतं पण घाईत लाल म्हणजे दवाखाना, हिरवा म्हणजे पैसे एवढं डोळ्यालाच कळतं, वाचावं लागत नाही.

ॲपची मांडणी सांगायची तर खाली चार टॅब, होम, स्टार्ड, शेअर्ड आणि फाईल्स. यातल्या होमवर ॲप स्वतःच्या अकलेने "तुम्हाला हे हवं असेल" म्हणून फायली दाखवतं. कधी बरोबर असतं, पण मला तो टॅब आवडत नाही, माझं घर मी लावलंय आणि दारात मात्र कोणीतरी भलतंच सामान मांडून ठेवलंय असं वाटतं. मी थेट फाईल्सवर जाते. तिथे वर एक छोटं बटण आहे ज्याने चौकटींचं नाहीतर यादीचं रूप बदलता येतं, ते पहिल्यांदा यादीवर करून टाका. चौकटीत फाईलचं नाव अर्धवट कापलं जातं आणि स्कॅन केलेल्या कागदांची चित्रं सगळी सारखीच दिसतात, पांढरा कागद, वर कसलातरी शिक्का.

आता सर्च. हा या ॲपचा खरा जीव आहे, आणि आपण नव्वद टक्के लोक तो नुसतं नाव टाकण्यापुरता वापरतो. पट्टीवर दाबलं की खाली पर्याय येतात, फाईलचा प्रकार, माणूस, तारीख. म्हणजे नाव आठवत नाही पण मला ते दादाने पाठवलं होतं, पीडीएफ होतं आणि याच वर्षी, एवढं आठवत असेल तरी तीन टॅपमध्ये यादी दहा-पंधरा फायलींवर येते. माणसाची आठवणसुद्धा तशीच चालते की, नाव आठवत नाही पण कोणी दिलं आणि साधारण कधी ते आठवतं.

ज्यांना टाईप करायचा कंटाळा नाही त्यांच्यासाठी आणखी आहे. इंग्रजीत 'टाईप' हा शब्द, मग कोलन, मग पीडीएफ असं लिहिलं की फक्त पीडीएफ. ओनर, कोलन आणि पुढे 'मी' साठीचा इंग्रजी शब्द लिहिला की फक्त आपल्या मालकीच्या. बिफोर आणि आफ्टरच्या पुढे कोलन देऊन तारीख टाकायची, आधी वर्ष मग महिना मग दिवस, मधे आडव्या रेघा. एखादा शब्द नको असेल तर त्याच्या आधी वजाचं चिन्ह. टायटल कोलन लिहिलं तर फक्त नावात शोधतं, आतल्या मजकुरात नाही. हे शेवटचं फार लागतं कारण ड्राइव्ह फाईलच्या आतलाही मजकूर शोधतं, आणि "बिल" टाकलं की ज्या ज्या कागदात कुठेतरी बिल शब्द आहे ते सगळे हजर होतात.

आणि नुसता टाईप केलेला मजकूर नाही, फोटोतली आणि स्कॅनमधली छापील अक्षरंसुद्धा ते वाचतं. मिक्सरच्या वॉरंटी कार्डाचा फोटो मी कधीतरी काढून टाकला होता, त्याला नाव पण दिलं नव्हतं, आणि मॉडेलचा नंबर टाकला तर तो फोटो वर आला. मी नवऱ्याला हाक मारून दाखवला. त्याला काही विशेष वाटलं नाही. छपाई स्वच्छ असेल तर हे चालतं, हाताने लिहिलेलं असेल तर त्या भरवशावर राहू नका, आणि आत्ता टाकलेली फाईल आत्ताच आतल्या मजकुरावरून सापडेल अशीही अपेक्षा नको, थोडा वेळ जाऊ द्या.

पण सर्च कितीही हुशार असला तरी नावं आपण देणार ना. आणि इथे सगळी बोंब आहे. व्हॉट्सॲपवरून आलेली प्रत्येक गोष्ट आयएमजी, मग तारीख, मग डब्ल्यूए आणि पुढे नंबर, कागद असेल तर डीओसी आणि तेच पुढे. त्या नावात तारीख असते ती पण कागदाची नाही, बहुतेक वेळा आपल्याला तो मिळाला त्या दिवसाची. म्हणजे २०१५ चा दाखला मला २०२३ मध्ये कोणी पाठवला तर नावात २०२३. असे माझ्याकडे शेकड्याने होते. नाव बदलणं मोबाईलवर एकेक करूनच होतं, तीन टिंबं, रिनेम, टाईप, ओके, पुढची. रोज रात्री वीसेक करायचे, मालिका बघता बघता. महिनाभर गेला.

नाव कसं द्यायचं यावर मी तीनदा पद्धत बदलली. आधी सगळ्यांच्या पुढे "कागदपत्रे" लिहायचे, ते मूर्खपणाचं होतं, कारण फोनवर नावाचा पुढचा तुकडाच दिसतो आणि सगळ्यांचा पुढचा तुकडा तोच. मग तारीख पुढे, पण दिवस-महिना-वर्ष असा क्रम ठेवला, मग नावाने लावल्यावर सगळ्या वर्षांच्या एक तारखा एकत्र आणि जानेवारी कुठे, ऑगस्ट कुठे. आता कामाचा शब्द आधी, मग माणूस, मग वर्ष आणि महिना, तोही वर्ष पुढे असा.

आणि मराठीत नावं ठेवणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्या. आपल्या भाषेत शब्द रूप बदलतात, दवाखाना आणि दवाखान्याची, पावती आणि पावत्या, आणि लिहायच्या पद्धतीही दोन दोन, लाइट आणि लाईट. मशीनला हे सगळं एकच आहे हे कळेलच असं नाही, निदान मी त्यावर विसंबत नाही. त्यात एकाच गोष्टीला घरात तीन नावं. माझे बाबा एक्स-रेला फोटो म्हणतात. त्यांचा फोन आला, "अगं तो माझा छातीचा फोटो पाठव, डॉक्टर मागतायत." मी गॅलरीत बाबांचे फोटो बघत बसले, लग्नातले, बागेतले, आणि ते तिकडे डॉक्टरांसमोर बसलेत. तेव्हापासून त्या फाईलचं नाव "एक्स-रे छातीचा फोटो बाबा २०२३-०८" असं आहे. लांबलचक आहे, पण घरातला कोणीही कुठलाही शब्द टाकेल तरी सापडेल. लाईट बिलाला सुद्धा "लाईट बिल वीज" असे दोन्ही शब्द घातलेत.

आता एक चक्रावणारी गोष्ट. ड्राइव्हमध्ये एकाच फोल्डरात एकाच नावाच्या दोन फायली सुखाने राहू शकतात. कॉम्प्युटरवर असं करायला गेलं की तो अडवतो, इथे नाही, कारण ड्राइव्ह फाईलला नावाने ओळखतच नाही, प्रत्येकीला आतून वेगळा आयडी असतो आणि नाव म्हणजे नुसती वरची चिठ्ठी. त्यामुळे घाईत तोच कागद दोनदा अपलोड केला की दोन प्रती गुपचूप. माझ्याकडे भाडेकरार चार वेळा निघाला, त्यातला सहीचा कुठला ते उघडून बघावं लागलं. डुप्लिकेट हुडकून देणारं बटण ॲपमध्ये असायला हवं होतं, यासाठी माझा अर्धा स्टार कापला.

"शेअर्ड" टॅबबद्दल लोकांचा मोठा गैरसमज असतो, माझाही होता. तिथे दिसतं ते आपलं नसतं. दुसऱ्याने आपल्याला बघायला दिलेलं असतं, जागाही त्याचीच जाते, आणि त्याने डिलीट केलं की आपल्याकडूनही गेलं. सोयीसाठी आपण त्याचा शॉर्टकट आपल्या फोल्डरात ठेवू शकतो, पण शॉर्टकट म्हणजे नुसता बोट दाखवणारा, मूळ फाईल गेली की तो कशाकडे बोट दाखवणार. कामाचं असेल तर मेक अ कॉपी करून आपली प्रत करून घ्या. (२०२० च्या सप्टेंबरपर्यंत एकच फाईल दोन फोल्डरांत ठेवता यायची, मग ते बंद करून हे शॉर्टकटचं प्रकरण आणलं. जुन्या लोकांना अजून राग आहे. मला चाललं.)

दोन अकाऊंट असलेल्यांनो, इकडे लक्ष द्या. मी एकदा पाऊण तास पासपोर्टचं स्कॅन शोधत होते, सगळे फिल्टर लावून झाले, कचऱ्याची पेटी बघून झाली, डिलीट केलेलं ३० दिवस तिथे राहतं म्हणून आशा होती, मग रडकुंडीला आले आणि मग दिसलं की वर उजव्या कोपऱ्यातला गोल ऑफिसच्या अकाऊंटचा आहे. सर्च फक्त चालू अकाऊंटमध्ये होतो. चूक माझीच. आता दोन्ही अकाऊंटला वेगवेगळे फोटो लावलेत, एकात मी आणि एकात कुंडीतलं झाड, झाड दिसलं की समजायचं ऑफिस.

फोटोंवरून आठवलं, कॅमेऱ्याचे फोटो ड्राइव्हमध्ये शोधू नका. गूगल फोटोज आणि ड्राइव्ह यांची जोडणी २०१९ च्या जुलैत तोडली, आता दोन वेगळी घरं आहेत पण लाईटचा मीटर एकच. म्हणजे फुकट मिळणारे १५ जीबी हे ड्राइव्ह, जीमेल आणि फोटोज तिघांत मिळून. २०१२ मध्ये ड्राइव्ह आलं तेव्हा ५ जीबी होते, पुढच्या वर्षी सगळं एकत्र करून १५ केले, आणि अजून तेवढेच. १ जून २०२१ पासून आकार कमी करून ठेवलेले नवे फोटोही त्यात मोजायला लागले, आणि हल्ली अँड्रॉइडवाल्यांचा व्हॉट्सॲपचा बॅकअपसुद्धा. त्यामुळे "ड्राइव्ह भरलं" असा मेसेज आला की ड्राइव्हमधले दोन-दोन एमबीचे पीडीएफ उडवत बसू नका, खरा राक्षस बहुतेक व्हिडिओत नाहीतर बॅकअपमध्ये असतो. फायली किती जागा खातायत त्या क्रमाने लावून बघा आधी. आणि मेलमधून आलेली अटॅचमेंट मुद्दाम सेव्ह केल्याशिवाय ड्राइव्हमध्ये येत नाही, ती जीमेलच्या सर्चमध्येच शोधायची. हे मला सांगायला लाज वाटते पण मला हे मागच्या वर्षी कळलं.

स्कॅनिंग भारी आहे. कॅमेऱ्याचं बटण, कागदावर धरला की कडा तोच पकडतो, सरळ करतो, अनेक पानं एका पीडीएफमध्ये. फक्त त्याच क्षणी नाव द्या आणि फोल्डर निवडा, सेव्ह करायच्या पानावर दोन्ही विचारतं. "नंतर देऊ" म्हटलेलं नाव कधीच दिलं जात नाही.

ज्या फायली वारंवार लागतात त्यांना स्टार द्या, पण दहाच्या वर नको, माझ्या एका मैत्रिणीने दीडशेला दिलेत, मग स्टार आणि बिनस्टार यात फरक काय उरला. त्याहून मस्त म्हणजे अँड्रॉइडवर फाईलच्या तीन टिंबांत ॲड टू होम स्क्रीन मिळतं, फाईल थेट फोनच्या पहिल्या पानावर. विम्याची पॉलिसी मी तिथेच ठेवलीये, त्या काचेपलीकडच्या बाईंच्या स्मरणार्थ. आणि तिलाच ऑफलाइन पण केलंय, कारण असल्या इमारतींमध्ये नेमकी रेंज नसते. नेट नसताना ऑफलाइन केलेल्या फायलीच उघडतात, बाकीच्यांची नुसती नावं बघून समाधान मानायचं.

बाकीची ॲप्स वापरून पाहिली का, तर हो, थोडी. ड्रॉपबॉक्स नीटनेटकं आहे पण फुकटात २ जीबी आणि तीनच डिव्हाइस, घरात फोन, टॅब, लॅपटॉप धरला की कोटा संपला. वनड्राइव्ह ५ जीबी देतं आणि ज्यांचं सगळं वर्ड-एक्सेलमध्ये आहे त्यांनी तिकडेच राहावं. आयफोनवाल्यांकडे २०१७ पासून फाईल्स नावाचं ॲप आहे, त्यात आयक्लाउड, ड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स सगळं एका जागी जोडता येतं, याचा मला हेवा वाटतो. एक चौथं ॲप होतं, नाव घेत नाही, त्याने अपलोड झालं म्हणून हिरवी टिक दाखवली आणि उघडलं तर फाईल शून्य केबी. त्याच संध्याकाळी काढून टाकलं.

तर पाचपैकी चार. अर्धा डुप्लिकेटसाठी कापला, अर्धा एकगठ्ठा नाव बदलता येत नाही म्हणून. "विविध" नावाच्या फोल्डरात अजून ३१२ फायली पडून आहेत, त्यांना मी हात लावणार नाहीये, सर्च आहे की.

बाबांनाही आता सगळं शिकवलंय. ते स्वतः स्कॅन करतात, स्वतः नाव देतात, फार कौतुक वाटतं. काल त्यांनी मला त्यांच्या नव्या रिपोर्टची लिंक पाठवली, खाली लिहिलं "बघ, मीच केलं". उघडली तर ॲक्सेस नाही. शेअर करायचं सांगायला विसरलेच होते मी. रिक्वेस्ट पाठवलीये, ती त्यांना ईमेलवर जाते, आणि बाबा ईमेल बघत नाहीत. फोन केला तर म्हणतात, "मी पाठवलंय गं, तू नीट शोध."